वळताना वाजणारा एक्सल

पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेलं आहे, ॲक्सिलरेटरवर पाय टेकवलाय आणि पुढच्या चाकापाशी ‘कट-कट-कट’ सुरू झालंय. स्टिअरिंग सरळ केलं की आवाज बंद. हे वर्णन ऐकून गॅरेजवाला गाडी न पाहताच म्हणेल, ‘एक्सल वाजतोय.’ बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. पण एक्सल वाजायला लागेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं, आणि पुढून येणारा प्रत्येक आवाज काही एक्सलचा नसतो. या दोन्ही गोष्टी गाडीमालकाला ठाऊक असल्या तर शेकड्यांत भागणारं काम हजारांवर जात नाही आणि चांगला एक्सल उगाच बदललाही जात नाही.

आधी गाडीखाली काय आहे ते पाहू. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो, होंडा सिटी अशा आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्समधून डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन दांडे निघतात. तेच ड्राइव्ह शाफ्ट. बोलताना सगळे त्यांना एक्सलच म्हणतात. प्रत्येक दांड्याला दोन सांधे असतात. गिअरबॉक्सकडचा इनर जॉइंट आणि चाकाकडचा आउटर जॉइंट. खड्ड्यात चाक वर-खाली होतं तेव्हा दांड्याची लांबी किंचित कमी-जास्त व्हावी लागते. ते काम इनर करतो. स्टिअरिंगबरोबर चाक वळतं तेव्हा दांडा मोठ्या कोनात वाकूनही सारख्या वेगाने फिरत राहावा लागतो; ते काम आउटरचं.

हे दुसरं काम दिसतं तितकं सोपं नाही. ॲम्बॅसिडर, प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत मागे ताकद नेणाऱ्या दांड्याला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला, क्रॉसचे जॉइंट असत. असा जॉइंट वाकवून फिरवला की पुढचा दांडा एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. कोन लहान असला की ते जाणवत नाही. पण पूर्ण वळवलेल्या पुढच्या चाकाला असा जॉइंट लावला तर स्टिअरिंगला हिसके बसतील. यावर फोर्डमधले अभियंते आल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२०च्या दशकात तोडगा काढला. एका वाटीत वक्र खोबणी, त्यांत पोलादी गोळ्या, आणि त्या गोळ्यांना नेहमी कोनाच्या बरोबर मध्यावर धरून ठेवणारा पिंजरा. त्यामुळे जॉइंट कितीही वाकला तरी दोन्ही बाजूंचा वेग एकच राहतो. सी.व्ही. जॉइंट म्हणतात तो हाच. १९५९च्या ब्रिटिश ‘मिनी’ने तो लहान कुटुंबाच्या गाडीत आणला, आणि आपल्या रस्त्यांवर तो घराघरांत पोचला तो डिसेंबर १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मुळे. आजच्या बहुतेक गाड्यांत आउटरला सहा गोळ्या असतात, तर इनरला तीन रोलरचा जॉइंट असतो. आवाज आणि कंप यांतला फरक या रचनेतूनच येतो, म्हणून एवढं सांगितलं.

रबर आधी फाटतं

या पोलादी गोळ्या इतक्या मोठ्या दाबाखाली घासत असतात की ग्रीसशिवाय त्यांचा निभाव लागत नाही. हे ग्रीस साधं नसतं. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड असतं, म्हणून ते काळं दिसतं. ते आत राहावं आणि धूळ-पाणी बाहेर राहावं यासाठी जॉइंटवर हार्मोनियमच्या भात्यासारखं घड्यांचं रबरी आवरण असतं. त्याला बूट म्हणतात आणि ते दोन्ही टोकांना पट्ट्यांनी आवळलेलं असतं. जॉइंटची धातू सहसा आपणहून दगा देत नाही. आधी बूट कडक होतं, त्याच्या घड्यांच्या तळाशी बारीक भेगा पडतात, मग एक भेग आरपार जाते. चाक फिरेल तसं ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याची जागा चिखल घेतो. त्यानंतर जॉइंटचं आयुष्य फार उरत नाही, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो.

म्हणून पहिली खूण कानाला मिळत नाही, डोळ्यांना मिळते. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला न दिसणाऱ्या रिमवर, ब्रेकच्या कॅलिपरवर किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या खालच्या भागावर काळ्या चिकट ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटलं असं समजा. शिंतोडे वर्तुळात उडालेले असतात, कारण ते फिरत्या दांड्यावरून फेकले गेलेले असतात. हात लावून पाहा. ग्रीस दाट आणि चिकट लागतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि त्याला फिकट पिवळसर छटा असते. ब्रेक ऑइल गळत असेल तर ते प्रकरण वेगळं आणि जास्त तातडीचं आहे.

पाहायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करा. आता वळलेल्या चाकाच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरला की आउटरचं बूट दिसतं. वळवल्यामुळे एका बाजूच्या घड्या उघडतात; त्या घड्यांच्या तळाशी पाहा. नंतर स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला वळवून तेच. इनरचं बूट मात्र आत गिअरबॉक्सपाशी असतं आणि ते खालूनच दिसतं. त्यासाठी गाडीखाली शिरायचं नाही. गाडीच्या डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कोणीही खाली झोपू नये. सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की दोन मिनिटं आपण तिथं थांबावं आणि चारही बूट दाखवायला सांगावं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सर्व्हिस सेंटरवर गाडी गेली की आधी ती धुतली जाते आणि नंतर तपासली जाते. प्रेशरच्या पाण्याने खालचं सगळं ग्रीस निघून जातं, म्हणजे बूट फाटल्याचा सगळ्यात ठळक पुरावाच वाहून जातो. बारीक चीर मग घाईत नजरेतून सुटते. गाडी सर्व्हिसिंगला देण्याच्या आदल्या दिवशी घरीच टॉर्च मारून पाहिलेलं बरं. धुणाऱ्यालाही सांगा की पाण्याचा नळ बुटाच्या अगदी जवळ धरून पट्टीवर मारू नको. तिथून पाणी आत शिरू शकतं.

आवाज केव्हा येतो?

बूट फाटलेलं कळलं नाही आणि जॉइंट वाजायला लागला, तर पुढचं निदान आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो यावर ठरतं. मेकॅनिकसमोर तोंडाने ‘टक-टक’ करून दाखवण्यात फारसा अर्थ नाही, कारण प्रत्येकाचं ‘टक’ वेगळं असतं. त्याला चार गोष्टी सांगा. आवाज वळताना येतो की सरळ जाताना? ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो का? पाय काढल्यावर थांबतो का? खड्ड्यावरच येतो का?

आउटर झिजला असेल तर आवाज वळताना, तोही कमी वेगात, पूर्ण वळणावर आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असताना सगळ्यात स्पष्ट असतो. गाडीचा वेग वाढला की कटकटही त्याच प्रमाणात भरभर होते. चाचणीसाठी मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग गाठा. काचा खाली करा, एसी-रेडिओ बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवा, अगदी शेवटी टेकल्यावर केसभर मागे घ्या, म्हणजे पॉवर स्टिअरिंगवर उगाच ताण येत नाही. पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिरा, मधे मधे थोडा ॲक्सिलरेटर द्या. मग उलट्या दिशेने. मग रिव्हर्समध्ये दोन्ही बाजूंनी. रिव्हर्सची फेरी चुकवू नका. रिव्हर्समध्ये गोळ्यांचा दाब खोबणीच्या दुसऱ्या कडेवर पडतो आणि पुढे जाताना दबलेला आवाज कधी कधी तिथे उघडा पडतो. सोसायटीचं तळघर किंवा कंपाउंडची भिंत जवळ असेल तर आवाज परतून चांगला ऐकू येतो. एकाला सुरक्षित अंतरावर बाहेर उभं केलं तर कोणतं चाक वाजतंय हे तो चालकापेक्षा लवकर सांगेल.

कोणत्या बाजूचा जॉइंट गेला यासाठी गॅरेजमध्ये एक ठोकताळा चालतो: डावीकडे वळताना वाजला तर उजवा, उजवीकडे वळताना वाजला तर डावा. वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो, हा त्यामागचा विचार. अनेकदा तो जुळतो. पण आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळतं हेही खरं आहे, त्यामुळे कधी आतलाच जॉइंट वाजतो. नुसत्या ठोकताळ्यावर पार्ट मागवू देऊ नका. बूट उघडून खोबणी पाहिली की वाद मिटतो.

इनर जॉइंटचं दुखणं वेगळं. तो वळताना सहसा कटकट करत नाही. त्याच्या तीन रोलरनी आतल्या वाटीत खाचा पाडल्या की दांड्याची आत-बाहेर होणारी सहज हालचाल अडकायला लागते आणि गाडी भाराखाली थरथरते. कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना, तिसऱ्या गिअरमध्ये, गाडी भरलेली असताना पुढचा भाग डावीकडे-उजवीकडे हलल्यासारखा वाटतो. पाय काढला की ताबडतोब शांत. पुन्हा दाबला की पुन्हा थरथर. बिघडलेलं बॅलन्सिंग असं वागत नाही. चाकाचा तोल बिघडला असेल तर ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास, स्टिअरिंग थरथरतं, आणि पाय दाबलेला असो वा काढलेला, ते थरथरतच राहतं. हा एक फरक नीट पाहिला तर दोन-दोनदा बॅलन्सिंग-अलाइनमेंट करून घेण्याचे पैसे वाचतात. इनरची आणखी एक खूण म्हणजे रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये येताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना येणारा एक जाड ‘धक्’. मात्र इंजिन माउंटिंग बसलं असेल तरी असाच आवाज येतो. माउंटिंग गेलं असेल तर गाडी जागेवर उभी असतानाही स्टिअरिंग आणि डॅशबोर्डला थरथर जाणवते. इनर जॉइंट उभ्या गाडीत गप्प असतो.

एक्सलवर येणारे खोटे आरोप

कटकट ऐकली की पहिल्यांदा चाकाचे नट पाहा. हे मी सगळ्यात आधी सांगतो कारण बाकीची चूक पैशांवर भागते, ही जिवावर बेतू शकते. पंक्चर काढल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर एक-दोन दिवसांत आवाज सुरू झाला असेल तर गाडी बाजूला घ्या आणि पाना लावून प्रत्येक नट तपासा. त्यानंतर प्लॅस्टिकचं व्हील कव्हर काढून एक फेरी मारा. ढिली झालेली त्याची क्लिप अगदी एक्सलसारखी टिकटिकते. टायरच्या नक्षीत अडकलेला खडाही दर फेऱ्याला एकदा वाजतो, पण तो सरळ जातानाही वाजतो आणि पायाच्या दाबाशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

चाकाचं बेअरिंग कटकटत नाही, घूं-घूं करतं. वेगाबरोबर तो आवाज चढतो आणि हमरस्त्यावर हलकंसं डावीकडे-उजवीकडे वळवलं की कमी-जास्त होतो. फक्त खड्ड्यात किंवा स्पीड ब्रेकरवर खडखड होत असेल तर लिंक रॉड, लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा बुश पाहायला सांगा. गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टंग’ किंवा करकर होत असेल तर शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटकडे संशय जातो. दांडा फिरतच नसेल तर त्याचा जॉइंट कसा वाजणार?

लिफ्टवर मेकॅनिक दांडा हाताने हलवून ‘बघा, किती प्ले आहे’ असं दाखवतो, तेव्हाही जरा थांबा. इनर जॉइंटला आत-बाहेर सरकण्याची हालचाल मुद्दाम दिलेली असते. तो दोष नाही. पाहायचं ते हे, की चाक धरून ठेवलं असताना दांडा फिरवण्याच्या दिशेने किती ढिला लागतो, आणि आउटर वाकवून फिरवताना मधे कुठे अडकतो किंवा खरखरतो का.

बोलेरो, ईको यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना पुढे हे जॉइंट नसतातच; तिथे गिअर टाकल्यावर येणारा ‘टण्’ किंवा हळू चालताना येणारी चिवचिव ही प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसची असू शकते. उलट इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नसलं तरी मोटरपासून चाकापर्यंत दांडे आणि जॉइंट असतातच, आणि इंजिनाची घरघर नसल्याने ते लवकर ऐकू येतात.

किती दिवस चालेल?

हा प्रश्न गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं प्रामाणिक उत्तर ‘सांगता येत नाही’ हेच आहे. फक्त पूर्ण वळणावर वाजणारा आउटर कधी बरेच दिवस तसाच चालतो. पण थोड्याशा वळणावर वाजू लागला, सरळ जातानाही टकटक सुरू झाली किंवा धक्के बसू लागले, की लांबचा प्रवास करू नका. जॉइंट निकामी होऊन दांडा सुटला की इंजिन नुसतं घरघरतं, गाडी पुढे जात नाही. दोन्ही चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल सगळी ताकद मोकळ्या झालेल्या बाजूला देऊन टाकतं, त्यामुळे दुसरं चाक धडधाकट असूनही उपयोग होत नाही.

यातला धोकादायक भाग वेगळाच आहे. आपल्याला उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायची सवय असते. ऑटोमॅटिकवाले ‘पी’वर विसंबतात. दांडा तुटला असेल तर या दोन्ही गोष्टी गाडीला धरून ठेवू शकत नाहीत, कारण तुटलेल्या बाजूने डिफरन्शियल मोकळं फिरतं आणि धडधाकट चाकही फिरू लागतं. घाटात गाडी अशी बंद पडली तर हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकाखाली दगड लागल्यावरच स्वतः उतरा. दगड लावायला सोबतच्याला उतरवा. खर्चाचा विचार करताना हेही लक्षात असू द्या की साध्या मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही.

काम करून घेताना

बूट नुकतंच फाटलंय, आवाज अजिबात नाही, ग्रीसमध्ये वाळू लागत नाही, अशी स्थिती असेल तर नवं बूट, नव्या पट्ट्या आणि नवं ग्रीस एवढ्यावर भागतं. पण जुनं ग्रीस पूर्ण धुऊन, गोळ्या आणि खोबणी कोरड्या करून पाहिल्या पाहिजेत. वरूनच नवं ग्रीस भरलं तर आतली वाळू आतच राहते. बूट किटबरोबर आलेलं ग्रीस पूर्ण वापरायला सांगा. गॅरेजच्या डब्यातलं चेसिस ग्रीस इथे चालत नाही. वाजणाऱ्या जॉइंटमध्ये ग्रीस भरून आवाज काही दिवस दबतो, झीज भरून येत नाही. जुनी गाडी विकायला काढताना हा उपाय होतोच, त्यामुळे सेकंडहँड गाडी घेताना बुटावरच्या पट्ट्या अगदी नव्या कोऱ्या दिसल्या तर कारण विचारा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून फिरून पाहा.

जॉइंट बदलायचा झाला तर आपल्या मॉडेलचाच हवा. दांडा ज्यात बसतो त्या दातांची संख्या जुळावी लागते, आणि काही गाड्यांत एबीएसची रिंगही आउटरवर असते. ती नसलेला जॉइंट बसवला की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. हब नट नवा घ्यावा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळावा. लांब पाइप लावून अंदाजाने आवळलेला नट बेअरिंगचा जीव घेतो, आणि ढिला राहिला तर आणखी वाईट. दांडा काढलेल्या अवस्थेत गाडी चाकांवर ढकलून बाजूला घेऊ देऊ नका, त्यानेही बेअरिंग खराब होतं. इनर गिअरबॉक्समधून ओढून काढला की बहुधा थोडं गिअर ऑइल सांडतं. ते पुन्हा पातळीपर्यंत भरलं का आणि ऑइल सील ठीक आहे का, हे बिल देण्याआधी विचारून घ्या.

ग्राउंड क्लिअरन्स वाढवण्यासाठी स्प्रिंगखाली स्पेसर घालण्याची आपल्याकडे हौस आहे. त्याने गाडी स्पीड ब्रेकरला घासत नाही हे खरं, पण दांडे सरळ चालतानाही कायम जास्त कोनात फिरतात आणि बुटावर व जॉइंटवर त्याचा ताण पडत राहतो. स्पेसर घातलेली गाडी पुन्हा पुन्हा एक्सल मागत असेल तर नव्या पार्टला नावं ठेवण्याआधी स्पेसर काढून पाहा. चिखलात रुतलेलं चाक स्टिअरिंग पूर्ण वळवून गरगर फिरवणं हाही जॉइंट मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. चाकं सरळ करा, खाली पोतं किंवा दगड घाला आणि मग हळू काढा. पावसाळ्याआधी एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा बुटं पाहिली तर आपल्या हवामानात तेवढं पुरतं. कोकणातल्या तांबड्या चिखलातून रोज जाणाऱ्याने मधे एखादी तपासणी वाढवावी.

काम झाल्यावर त्याच मैदानात तीच गोल फेरी मारा, पुढे आणि रिव्हर्समध्ये. आठवड्याने चाकामागे टॉर्च मारून पट्ट्यांपाशी नवं ग्रीस बाहेर आलं नाही ना ते बघा. काढलेला जुना जॉइंट मागून घ्या आणि फडक्याने पुसून आतल्या खोबणीवरून नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर निदान बरोबर होतं. खोबणी गुळगुळीत असेल आणि गाडी अजूनही वाजत असेल, तर तो जॉइंट घेऊन परत गॅरेजला जा आणि बेअरिंग, लोअर आर्म, माउंट हे पुन्हा पहिल्यापासून तपासायला सांगा.